चिंचोक्यांवरची तीन पत्ती

वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले, तर उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावर काजळीचे बारीक तुकडे पडले होते. बोटानं झटकलं की काळी रेघ उठते, म्हणून नुसती फुंकर मारायची. इथल्या बायकांना हे कोणी शिकवावं लागत नाही. म्हणजे कारखान्याचा बॉयलर पेटला. अग्निप्रदीपनाचे फोटो पेपरात नंतर येतात, फेटे, हार, गव्हाणीत उसाची मोळी टाकणारे भरपूर हात. त्याआधी काजळी येते. मग चार-दोन दिवसांत मळीचा आंबूस-गोड वास सुटतो. बाहेरचे पाहुणे नाकाला रुमाल लावतात, आम्हाला मात्र थंडी पडल्याची खात्री पटते. मग उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात, दोन-दोन ट्रॉल्या ओढत, आपल्याच गाण्यांच्या आवाजात आपला हॉर्न बुडवून टाकत. श्रीरामपुरात दिवाळीनंतरचे चार महिने असेच जातात.

दरवर्षी हे सगळं आलं की मी थोडी थांबते. या वर्षी काहीतरी वाटेल, असं मला वाटतं. पण काही वाटत नाही. अंगाखाली दबून राहिलेला हात आपलाच असतो आणि तरी आपला वाटत नाही, तसा तो एक हंगाम माझ्याजवळ आहे. त्यातलं सगळं आठवतं. कुठल्या दिवशी कोणाच्या हातात कोणती पानं होती तेसुद्धा आठवतं. त्या आठवणीला चिमटा काढला तर मात्र दुखत नाही.

नाना म्हणजे माझे सासरे. मूळचे काष्टीचे. शेत धाकट्या भावांवर सोपवून कारखान्याच्या टाइम ऑफिसात लागले आणि इथलेच झाले. सगळी नोकरी भोंग्यावर गेली. रिटायर झाल्यावरही भोंगा वाजला की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे, आणि दोघांत फरक पडला तर भोंगा चुकला असं जाहीर करायचे. बोलणं बेताचं. सासूबाई लवकर गेल्या, त्यानंतर तर फारच बेताचं. दुपारच्या चहाआधी मात्र त्यांना तीन पत्ती लागायची. पैशांवर कधी नाही, कायम चिंचोक्यांवर. पैशांवर खेळणाऱ्याचं सगळं लक्ष पैशांत जातं, त्याला समोरचा माणूस दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

माझ्या माहेरी पत्ते म्हणजे थेट व्यसन. नगरला आमच्या घरात कोणी गंमत म्हणून पत्ते हातात घेतले, तरी आई नंतर साबणानं हात धुवायला लावायची. त्या घरातून मी इथे आले. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत डावाला चौथा हात कमी पडला, तेव्हा नानांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन, वैशाली पत्ते खेळते का, असं दिलीपला विचारलं. दिलीप म्हणजे माझे यजमान. ते म्हणाले, खेळत नाही, पण शिकेल. सासऱ्यांसमोर मांडी घालून पत्ते खेळणारी सून त्या वेळी आमच्या सगळ्या कॉलनीत मी एकटी असेन. पुढे शाळेत भूगोल शिकवताना मुलांनी विचारलं असतं, बाई, तुम्हाला अजून काय येतं, तर माझी पंचाईत झाली असती.

खेळ सोपा आहे. प्रत्येकाला तीन पानं. न बघता खेळलं तर एक चिंचोका टाकायचा, बघून खेळलं तर दोन. पानं बरी नसली तर पॅक व्हायचं. शेवटी दोघंच उरले की एकानं शो मागायचा, पानं उघडायची, बस. हे शिकायला मला एक दुपार पुरली. नाना जे खेळत होते ते शिकायला मात्र वर्षं गेली, कारण ते पानं खेळतच नसत.

"तोंडाकडं काय बघती?" ते मला म्हणायचे. "तोंड त्याच्या मालकीचं हाय, त्ये पाहिजे तसं करंल. चाल बघ."

समोरच्याच्या हातात तीन पानं आहेत असं धरायचंच नाही, ही त्यांची रीत. त्याच्या हातात काहीही असू शकतं असं धरायचं. तीन राण्या असतील, जोडी असेल, कलर म्हणजे तिन्ही एकाच चिन्हाची असतील, निव्वळ कचरा असेल. मग त्यानं पानं कधी उचलली, पहिल्याच फेरीत की दुसऱ्यांनी वाढवल्यावर, उचलल्यावर लगेच टाकलं की चहाचा घोट घेऊन टाकलं, जेवढ्यास तेवढं टाकलं की उगाच वाढवलं, हे बघत जायचं. प्रत्येक चालीला त्या काहीहीमधलं काहीतरी गळतं. कलरवाला असा घाबरत नाही, म्हणजे कलर गेला. कचरावाला एवढा वेळ टिकत नाही, म्हणजे कचरा गेला. शेवटी जे उरतं तेच त्याच्या हातात असतं, मग त्याचं तोंड काहीही सांगो. सगळं गळेपर्यंत धीर धरायचा, एवढंच अवघड असतं.

शेजारचे सायमनकाका जोडी आली की लगेच वाढवायचे आणि त्याहून चांगलं काही आलं की एकदम साधुसंत व्हायचे. माझी नणंद सुमन लागोपाठ दोन डाव हरली की तिसऱ्याला हूल देणार म्हणजे देणारच. हातात काही नसताना असल्यासारखं वाढवत न्यायचं, त्याला आमच्या घरात हूल म्हणतात. दिलीप सारखे हूल द्यायचे, इतके की खरी पानं आली तरी कोणी विश्वास ठेवत नसे, आणि मग हरणाऱ्यांच्या तोंडाकडे बघून ते मोठ्यानं हसायचे. मी हूल देत नसे. जमत नव्हतं म्हणा, माहेरचा साबण म्हणा. माझ्या हाती काही नसलं की मी सरळ पॅक. नानांना हे माझं वागणं आवडायचं नाही, पण त्यांनी त्याचीही किंमत करून ठेवली होती. तू कधी हूल देत न्हाई म्हणून तुझी हूल लई महाग हाय, जपून वापर, असं ते एकदा म्हणाले होते. तेव्हा मी हसले होते.

आता बसमध्ये, स्टेशनवर, कॉलेजच्या कट्ट्यावर मुलं मोबाईलवर तीन पत्ती खेळताना दिसतात. समोर कोण आहे ते दिसत नाही, नुसतं एक नाव आणि चकचकीत गोळे. मला आधी वाटायचं, यात काय मजा? मग वाटलं, नानांना हे चाललं असतं. तोंड नाहीच, नुसती चाल. ते म्हणाले असते, बरंय, मधली कटकट गेली.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि नानांच्या छातीत दुखलं. नगरला नेलं, बायपास झाली, घरी आणलं. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांची कॉट टाकली. सुमन सासरहून नानांसाठी येऊन राहिली, मी शाळेतून रजा घेतली. दिलीप सुप्याच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला होते. आठवडाभर तिकडेच खोली घेऊन राहायचे, शनिवारी घरी यायचे. एका सोमवारी पहाटेच्या एसटीनं ते गेले आणि दुपारी कंपनीतून फोन आला. मशीनजवळ उभे होते, खाली बसले, आडवे झाले. दवाखान्यात नेईपर्यंत काही राहिलं नव्हतं. बापाच्या हृदयाची उस्तवार करताना आम्ही सगळ्यांनी मुलाच्या हृदयाला गृहीत धरलं होतं. हे वाक्य मी आज लिहू शकते. तेव्हा मी फोन ठेवला आणि नानांची दुपारची गोळी काढून दिली, कारण तिची वेळ झाली होती.

डॉक्टरांनी सुमनच्या नवऱ्याला स्पष्ट सांगितलं की टाके ताजे आहेत, महिना-दीड महिना म्हाताऱ्यांना कसलाही धक्का बसता कामा नये. मग घरात ठरलं की नानांना सांगायचं नाही. मी होकार दिला की नाही मला आठवत नाही, पण नाही म्हणाले नाही हे नक्की. अंत्यविधी नगरला झाले. अग्नी आमच्या मुलीनं, जुईनं दिला. नानांना सांगितलं, मी शाळेच्या कामाला गेले आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी परत आले, तोंड धुतलं, कुंकू लावलं, मंगळसूत्र नीट बाहेर काढलं आणि त्यांच्यासमोर जाऊन बसले. त्यांनी विचारलं, झालं का काम? मी म्हणाले, झालं. जुईला पुण्यालाच राहायला सांगितलं, तिला खोटं बोलता येत नाही.

दिलीपना कंपनीनं ट्रेनिंगला चेन्नईला पाठवलं, अशी गोष्ट सुमननं तयार केली. रेंज नसते, रात्रपाळी असते, हिंदी कोणाला कळत नाही, असे तपशील ती रोज थोडे थोडे घालायची. नानांचा मोबाईल कपाटात ठेवला, डॉक्टरांच्या नावावर. कॉलनीत निरोप गेला की घरी कोणी भेटायला यायचं नाही. पण माणसं येणारच. दिलीप सगळ्यांना हवेसे होते. मग सायमनकाकांनी आपला व्हरांडा दिला. आमच्या आणि त्यांच्या अंगणामध्ये कमरेएवढी भिंत आहे आणि तिला एक लाकडी फाटक. भेटायला येणारे तिकडे बसायचे. मी फाटकाशी जाऊन पदरानं कुंकू पुसायचे, तिकडे जाऊन मान खाली घालून बसायचे, लोक रडायचे, काकूंनी केलेला चहा मी सगळ्यांना द्यायचे आणि परत येताना फाटकाशी काकूंच्या आरशात बघून पुन्हा कुंकू लावायचे. काकू ख्रिस्ती. त्यांनी कधी कोणाला कुंकू लावलं नसेल. पण त्या आरसा धरून उभ्या राहायच्या आणि थोडं डावीकडं गेलंय गं, असं हळूच सांगायच्या. एका दिवसात मी तीनदा विधवा झाले आणि तीनदा सवाष्ण झाले, असंही झालं. लोक म्हणायचे, किती खंबीर आहे. मी खंबीर नव्हते. मला काहीच वाटत नव्हतं, आणि काही न वाटणाऱ्या माणसाला हे सगळं करणं मुळीच जड जात नाही.

दुपारी पत्ते. नानांनीच मागितले. पडून पडून कंटाळलो म्हणाले. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, खेळू द्या, पण उत्तेजित होऊ देऊ नका. मग आम्ही तिघांनी, सुमननं, काकांनी आणि मी, स्वयंपाकघरात ठरवून टाकलं की नानांना जिंकू द्यायचं. आणि तोंडं सांभाळायची. तोंडांची आम्ही केवढी तयारी केली. काका बाहेर दोन-चार वेळा खाकरून, गळा साफ करून, मगच आत यायचे. सुमन पावडर लावायची. मला तयारीची गरज नव्हती. पत्त्यांवर वाढलेलं हे घर, नानांचं तोंडाकडं काय बघती आयुष्यभर ऐकलेलं, आणि ऐन वेळी आम्ही नेमकं तोंडच सजवत बसलो. चाल कोणाच्या लक्षातच आली नाही.

चाल कशी झाली असेल, ते मी नंतर पुष्कळदा मांडून पाहिलं. जोडी आली की वाढवणारे सायमनकाका जोडी टाकून पॅक होऊ लागले. दोन डाव हरल्यावर हूल देणारी सुमन दहा डाव हरली तरी गप्प. नाना आणि दुसरं कोणीतरी असे दोघंच उरले, तर शो मागायची हिंमत कोणी करेना, कारण शो झाला आणि नाना हरले तर? आजारी माणसाला कोणी हरवत नाही, हे नानांनाही कळत असणार. एवढ्यावरून त्यांनी काही ठरवलं नसतं. पण बोलण्याची सवय नसूनही खेळता खेळता ते मध्येच दिलीपचं नाव काढायचे. दिलीपला थंडी सोसत न्हाई, स्वेटर दिला का? आणि मी पाहिलं आहे, आता मला दिसतं, की नाव निघालं की आम्ही तिघंही एकदम काहीतरी टाकायचो. कोणी पानं टाकायचं, कोणी न बघता चिंचोके टाकायचं. नावाआधी एक खेळ, नावानंतर दुसरा. हे त्या माणसासमोर, ज्यानं सगळा जन्म कोणाच्या चहाच्या घोटात किती वेळ गेला हे मोजण्यात घालवला.

एका दुपारी त्यांनी पानं न उचलताच म्हटलं, "दिलीपचा फोन आल्ता सकाळी."

मोबाईल कपाटात होता. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. सुमन माझ्याकडे बघायला लागली आणि बघता बघता थांबली. काका पॅक झाले. सुमनही पॅक झाली. हो का, एवढंच म्हणाली. भास होतात म्हणून डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, भूल दिलेली म्हातारी माणसं काही दिवस असं बोलतात. मलाही तेच वाटलं, भास. आणि बरंही वाटलं, कारण भास झाला म्हणजे आमचं काम देवानं हातात घेतलं. आता नाना आणि मी असे दोघंच डावात होतो. माझ्या हातात सत्ती, नव्वी आणि चौकटचा गुलाम. काहीही नाही. मी चिंचोके वाढवले आणि म्हणाले, हो, मलाही आला होता. बरे आहेत म्हणाले.

नानांनी मग आपली पानं उचलली. बराच वेळ बघत राहिले. आणि खाली टाकून पॅक झाले.

डाव मी जिंकले. पत्ते गोळा करताना मी त्यांची पानं उलटी करून बघितली, कारण नाना माझ्यापुढे पॅक होतात हे मला नवीन होतं. बदाम, किलवर, इस्पिक. तीन राण्या. तीन राण्या टाकून देणारा माणूस मी आजवर दुसरा पाहिला नाही. मला ते तेव्हाच कळायला हवं होतं, आणि मला वाटतं कुठंतरी कळलंही. पण मी पत्ते पिसले आणि पुन्हा वाटले. माझ्या हातांना जे काम दिलं जाई ते माझे हात करत, एवढंच माझं त्या दिवसांतलं जगणं होतं.

त्यानंतर नानांनी फोनची गोष्ट पुन्हा काढली नाही. दिलीपचं नावही क्वचित. खेळ मात्र रोज. सुमन म्हणाली, वहिनी, विसरायला लागलेत, बरंच झालं. नाताळ आला. सायमनकाकांकडून करंज्या आणि केक आला, आणि या वर्षी आमच्याकडं तारा लावला न्हाई, काकूंना बरं न्हाई, असं खोटंच कारण काकांनी नानांना सांगितलं. नाना म्हणाले, असूंदे, पुढल्या वर्साला लावा. करंजीचा तुकडा त्यांनी तोंडात धरला आणि खूप वेळ चावत राहिले. खिडकीबाहेर उसाचे ट्रॅक्टर जात होते. त्या खोलीत बसलेल्या चौघांनाही एकच गोष्ट ठाऊक होती आणि चौघंही ती एकमेकांपासून लपवत होते. हे मी तेव्हा जाणलं नाही म्हणून बरं. जाणलं असतं तरी मी काय केलं असतं, पानंच वाटली असती.

मला ती खोली आवडत होती, हे मात्र मी आता सांगू शकते. आवडत होती हा शब्द विचित्र आहे, पण दुसरा नाही. भिंतीपलीकडे दिलीप गेलेले होते. शाळेत, बँकेत, जुईच्या फोनवर गेलेले होते. फक्त त्या एका खोलीत ते चेन्नईला होते, तिथं थंडी पडत नसली तरी त्यांना थंडी वाजत होती आणि स्वेटर पुरत नव्हता. मी तिथं कुंकू लावून बसायचे आणि ते खोटं वाटायचं नाही. खरंही वाटायचं नाही. नुसतं दुपारभर चालायचं.

संक्रांत झाली आणि हळदीकुंकवं सुरू झाली. कॉलनीतल्या बायकांना सगळं माहीत होतं, त्या आमच्याकडे फिरकत नव्हत्या. पण समोरच्या पाटीलवहिनी सुमनसाठी वाण घेऊन आल्या. सवाष्ण माहेरवाशीण घरात आहे, तिला चुकवायचं कसं? चुकीचं काही नव्हतं त्यात. नेमके आम्ही चौघं पत्ते खेळत होतो. वहिनी थेट आतच आल्या. सुमनला हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, ओटीत वाण घातलं. मग वळल्या तर समोर मी. माझ्या कपाळावर ठसठशीत कुंकू आणि कॉटवर नाना, टक लावून. वहिनींनी करंड्यात बोट बुडवलं आणि ते बोट माझ्या कपाळापाशी येऊन थांबलं. त्या तरी काय करणार. लावलं तर पाप, न लावलं तर म्हाताऱ्याचा जीव. मी मान पुढे करून बसले होते, दाढ दाखवायला बसावं तशी. शेवटी त्यांनी कसंबसं टेकवलं, त्यांचे डोळे भरून आले आणि तिळगुळाचं ताट तिथंच विसरून त्या निघून गेल्या.

मी माझी पानं उचलली. मग नाना म्हणाले, सुमे, सायमन, तुमी दोघं पॅक व्हा. दोघांनी मुकाट्यानं पत्ते खाली ठेवले. उरलो आम्ही दोघं.

"वैशाली," नाना म्हणाले, "शो."

मी पानं उलटायला लागले तर त्यांनी त्यावर हात ठेवला. पानं नकोत, म्हणाले. त्यांच्या हातावर सुयांचे काळेनिळे डाग अजून होते. मी त्या डागांकडे बघत म्हणाले, "दिलीप गेले, नाना."

हे वाक्य मी तोवर कधी बोलले नव्हते. सगळीकडे दुसऱ्या कोणीतरी सांगितलं होतं, शाळेत हेडमास्तरांनी, नातेवाइकांत सुमनच्या नवऱ्यानं. मी नुसती मान हलवायचे. माझ्या आवाजात ते असं ऐकू येतं, हे मला पहिल्यांदा कळलं.

नाना म्हणाले, ठाव हाय. छातीवर हात नाही, डोळे फिरले नाहीत, काही नाही. सुमन तोंडात पदर कोंबून रडत होती. तिनंच विचारलं, कधीपासून? तेव्हा ते बोलले, एरवी महिन्याभरात बोलायचे नाहीत एवढं. आधी त्यांना वाटलं, दिलीपचं आणि माझं भांडण झालं असेल. पण भांडण असतं तर मी सांगितलं असतं. मग वाटलं नोकरी गेली असेल. पण नोकरीसाठी सायमन कशाला पॅक होईल? आजारी असेल, असंही वाटलं. पण आजारी असता तर मी त्याच्यापाशी असते, इथं पत्ते खेळत बसले नसते. एकेक काढत गेले, तरी दोन-तीन गोष्टी शिल्लक होत्या. म्हणून त्यांनी फोनची हूल दिली.

"तू म्हणालीस, मलाबी आल्ता," नाना म्हणाले. "तू. जिनं जन्मात हूल दिली न्हाई. तू एवढी मोठी हूल कशापाई देशील? मग एकच ऱ्हायलं."

मग बोलला का नाहीत, सुमन म्हणाली. त्यावर त्यांनी माझ्याकडे बोट केलं. हितं बसून तिला कुंकू लावता येत हुतं, म्हणाले. बोललो असतो तर तेवढंबी गेलं असतं. पण आता बाहेरची बाई येती आणि बोट थांबवती, ते मला न्हाई बघवत.

सायमनकाका खिडकीकडे तोंड करून उभे होते. मी पत्ते गोळा करायला लागले, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं. नानांनी उशीला पाठ टेकली. जरा वेळानं त्यांनी मला विचारलं, जेवला हुता का त्या दिवशी?

महिनाभर लोकांनी मला सगळं विचारलं होतं. किती वाजता, कुठं, कोण होतं जवळ, आधी काही त्रास, कंपनी काय देणार. हे कोणी विचारलं नव्हतं. त्या सोमवारी मी दिलीपना डबा करून दिला होता. कंपनीनं त्यांच्या सामानाबरोबर तो परत पाठवला. मी तो मोरीत उघडला, घासला आणि पालथा घातला, इतर भांड्यांसारखाच.

हो, मी म्हणाले. जेवले होते. डबा रिकामा आला.

काय दिल्तं?

मेथीची भाजी आणि बाजरीची भाकरी.

सगळी खाल्ली?

सगळी.

तेव्हा मला दुखलं. घशाखाली, छातीच्या मधोमध, इतकं खरोखरचं दुखलं, की मी पत्ते तसेच सोडून दोन्ही हातांनी कॉटची कड धरली. नाना माझ्याकडे बघत नव्हते. ते सायमनकाकांच्या पाठीकडे बघत होते, आणि काका वळेनात म्हणून जरा मोठ्यानं म्हणाले, "सायमन, ऐकलं का, सगळी खाल्ली म्हनं."